विक्रेत्याची विद्या

मार्च महिना जवळ येऊ लागला की पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा येथील बाजारपेठांतून एक वर्ग विशेष धावपळ करताना दिसतो. खांद्याला बॅग, कानाशी फोन आणि मनात वर्षअखेरीचा आकडा घेऊन फिरणारे हे विक्रेते होत. कोणी विमा एजंट, कोणी औषध कंपनीचा प्रतिनिधी, कोणी मोटारींच्या वा पंपांच्या दुकानातील नोकर. ठरवून दिलेले 'टार्गेट' गाठले नाही तर कमिशन बुडणार आणि कदाचित नोकरीवरही गदा येणार, ही टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर असते. याच सुमारास कंपन्या त्यांना एखाद्या हॉटेलात गोळा करतात, बाहेरगावचा वक्ता आणतात, घोषणा होतात, टाळ्या पडतात. शिगम्याचे ढोल उतरले की मांड जसा सुना पडतो, तसा हा उत्साहही चार दिवसांत ओसरतो. मंगळवारी पुन्हा तेच बंद दरवाजे आणि तेच 'नंतर या'.

उत्साह असा बाहेरून भरता येतो काय, हा प्रश्न आम्ही विचारू इच्छितो. आमच्या मते विक्रेत्याला खरा हुरूप दोन गोष्टींतून येतो. आपण विकतो त्या वस्तूचे पुरते ज्ञान आपल्याला आहे ही खात्री, आणि गिऱ्हाईक आपल्यावर विश्वास ठेवते हा अनुभव. या दोन्ही गोष्टी भाषणाने मिळत नाहीत. त्या अभ्यासाने मिळवाव्या लागतात. विक्री ही जिभेची करामत आहे, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. म्हणूनच सुशिक्षित घरांतून मुलाला सरकारी नोकरी मिळाली की पेढे वाटले जातात आणि तो विक्रेता झाला की 'तूर्त काहीतरी करतो आहे' असे दबल्या आवाजात सांगितले जाते. आपला व्यवसाय ही एक विद्या आहे असे स्वतः विक्रेत्यालाच वाटत नसेल, तर तो ती वाढविण्याचे कष्ट तरी कशासाठी घेईल?

आमच्या शेजारच्या बेळगावचेच उदाहरण घ्या. १८८८ साली तेथे सायकलींच्या दुकानापासून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी व्यवसायाचा श्रीगणेशा केला. सायकल ही तेव्हा अपूर्वाईची वस्तू. ती विकावयाची तर चालवावयास शिकविणेही आले, आणि ते काम त्यांचे बंधू रामूअण्णा करीत. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे शेतकऱ्यांना वाटे. पहिला नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. दोन वर्षे! आजच्या एखाद्या विक्री व्यवस्थापकाने दोन महिन्यांतच तो माल बाद ठरविला असता. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींच्या साहाय्याने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर महाराष्ट्राच्या शेतोशेती पोहोचला. त्याच कारखान्याच्या जाहिरातीचे काम मूळचे चित्रकार असलेल्या शंकरराव किर्लोस्करांकडे आले. कारखान्याच्या प्रचारासाठी त्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले, आणि त्यातूनच मराठी घराघरांत वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक घडले. माल विकता विकता ज्या माणसाने आपली दृष्टी व लेखणी एवढी वाढविली, त्याच्या व्यवसायाला कनिष्ठ कोण म्हणेल?

इतक्या दूर जावयाचे नसेल त्यांनी चतुर्थीच्या आधी भरणाऱ्या माटोळीच्या बाजारात जाऊन पाहावे. रानातून फळे-वेली घेऊन आलेली बाई कांगलां कोणती, माट्टी कोणती, कोणते फळ विसर्जनापर्यंत टिकेल आणि कोणते दुसऱ्याच दिवशी गळेल, हे न अडखळता सांगते. तिला कोणी विक्रीकलेचे धडे दिलेले नाहीत. वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने तिला माल ठाऊक आहे आणि तेच गिऱ्हाईक पुढल्या वर्षी पुन्हा आपल्याकडे येणार आहे, याचीही तिला जाणीव आहे. हे दुसरे भान, आमच्या मते, पुष्कळ पदवीधर विक्रेत्यांपाशी नसते.

यास्तव आत्मसुधारणा म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट करणे इष्ट होईल. आज गिऱ्हाईक दुकानात येण्यापूर्वीच फोनवर किंमत पाहून आलेले असते. वेष्टनावर छापलेले वाचून दाखविणारा विक्रेता त्याला नको आहे. कुळागराला पंप घ्यावयास आलेल्या बागायतदाराला विहिरीची खोली किती, पाणी किती उंच चढवावयाचे, उन्हाळ्यात झरा किती टिकतो, हे विचारून त्याला बेताचाच पंप सुचविणारा विक्रेता हवा आहे. त्या दिवशी विक्री लहान होईल. पण शेजारचे चार बागायतदार त्याच दुकानाची पायरी चढतील. प्रत्येक विक्रेत्याने रोज रात्री दहा मिनिटे बसून तीन गोष्टी वहीत टिपाव्यात: आज कोणाला भेटलो, त्याने काय विचारले आणि कोणत्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. तिसऱ्या रकान्यातील प्रश्नांची उत्तरे रविवारी शोधावीत. वर्षाअखेर ही वही त्याचा सर्वोत्तम गुरू ठरेल. नकाराचीही अशीच नोंद ठेवावी. नकार किमतीमुळे आला, गरज नसल्यामुळे आला की आपल्या बोलण्यातील उतावळेपणामुळे, हे उमगले की नकाराचा डंख पुष्कळच बोथट होतो. आपल्या या भूमीत कोकणी, मराठी, हिंदी व इंग्रजीबरोबर थोडीफार कन्नडही ज्याला येते, त्याला आणखी दहा दारे उघडी होतात.

तथापि या उपदेशाचा सारा भार विक्रेत्याच्याच माथी मारून मालकवर्गाला मोकळे सोडावे, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. फिरत्या विक्रेत्यांचे हाल काही आजचे नव्हेत. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना नेमणुकीचे पत्र आणि हक्काची रजा मिळावी म्हणून संसदेला १९७६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. २०२० च्या कामगार संहितेत तो समाविष्ट झाला. डॉक्टरांना भेटी देऊन औषध खपविण्याची रीत एवढी बोकाळली की २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध विपणनाची आचारसंहिता जारी करून तिला मनाई केली. विम्यात फसगत झालेल्या गिऱ्हाइकाला पॉलिसी परत करण्यासाठी पूर्वी पंधरा दिवस मिळत, ती मुदत त्याच वर्षी तीस दिवसांची झाली. हे नियम कशाची साक्ष देतात? वरून आकड्याचा दाब आला की खाली सत्य पिळले जाते, याचीच. ज्या म्हाताऱ्या शिक्षकाला ठेव हवी होती त्याच्या गळ्यात वीस वर्षांची पॉलिसी बांधणारा तरुण जन्मतःच लबाड नसतो. खरे बोलला असता तर त्या महिन्यात त्याच्या घरची चूल कशी पेटणार होती, हे त्याच्या साहेबाने कधी विचारलेले नसते.

म्हणून कंपन्यांना आमची सूचना अशी की, मार्चअखेर किती माल खपला एवढेच मोजू नये. किती गिऱ्हाइके परत आली, किती तक्रारी मिटल्या, विम्याचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता किती जणांनी आपणहून भरला, हेही मोजावे आणि बढती-बक्षिसात त्याला तितकेच स्थान द्यावे. हॉटेलातील समारंभावर होणारा खर्च वाचवून विक्रेत्याला महिन्यातून एक दिवस पगारी रजेने कारखान्यात किंवा दुरुस्ती विभागात शिकावयास पाठवावे. आपण विकलेले यंत्र मोडून कसे परत येते, हे डोळ्यांनी पाहिलेला विक्रेता खोटी हमी द्यावयास कचरतो.

आमच्या तरुणांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. गोव्यात सरकारी नोकऱ्यांच्या जागा मोजक्या आहेत आणि त्यांच्यासाठी अर्ज करणारे हात असंख्य. एका जाहिरातीपासून दुसऱ्या जाहिरातीपर्यंत वाट पाहण्यात उमेदीची पाच-सहा वर्षे घालविणारे कितीतरी पदवीधर आपण आपल्या वाड्यावर पाहतो. या अवधीत बाजारपेठेत उभे राहून माल पारखावयास, हिशेब ठेवावयास आणि अनोळखी माणसाशी सरळ बोलावयास जो शिकेल, त्याचे ते शिक्षण वाया जाणार नाही. उद्या स्वतःचे दुकान काढावयाचे झाले तर भांडवलाआधी तेच उपयोगी पडेल. आईबापांनीही मुलाने बॅग खांद्याला लावली म्हणून खंत करू नये. मुलगा खरे बोलून विकतो की नाही आणि गेल्या वर्षीपेक्षा यंदा त्याला आपल्या कामातले अधिक कळते की नाही, एवढे मात्र त्याला अधूनमधून जरूर विचारावे.