अर्जच न करणाऱ्यांची नोंद कोण घेणार?

बेंगळुरूचे इंदिरानगर म्हटले की हंड्रेड फीट रोडवरची झगमगती दुकाने आणि सीएमएच रोडवरून जाणारी मेट्रो डोळ्यांपुढे येते. त्याच परिसरात लक्ष्मीपुरम, मोटप्पनपाळ्य यांसारख्या दाट वस्त्याही आहेत. कर्नाटकची गृहलक्ष्मी योजना ऑगस्ट 2023 पासून कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना 2000 रुपये देते. पण रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून वारलेल्या सासूचेच नाव राहिले असेल, तर सुनेची गाडी तिथेच अडते. आधी मृत्यूचा दाखला, मग कार्डावरची दुरुस्ती, मग आधार आणि बँक खात्याची जोडणी. प्रत्येक खेपेला कामाचा एक खाडा. धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या बाईला असे चार खाडे परवडत नाहीत. ती अर्जच करत नाही, त्यामुळे मंजूर आणि नामंजूर अशा दोन्ही याद्यांत ती नसते. पोर्टलला दिसतो तो अर्जदार. गरजू माणूस दिसायला कुणीतरी त्याच्या दाराशी जावे लागते. म्हणून प्रत्येक प्रभागात, लोकांना नावाने ठाऊक असलेला कल्याण अधिकारी हवा.

केरळने 2021 पासून वस्तीपातळीवर पाहणी करून 64,006 अतिदरिद्री कुटुंबे निश्चित केली आणि प्रत्येकासाठी वेगळा आराखडा आखला. कुणाला घर हवे होते, कुणाला औषधपाणी, कुणाला नुसते रेशनकार्ड. या आकड्यावर अर्थतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आणि ते तपासलेच पाहिजेत. पण अर्जाची वाट न पाहता माणसापर्यंत जाण्याची पद्धत मला मोलाची वाटते. जपानमध्ये 1917 साली ओकायामा प्रांतात गरिबांची विचारपूस करणारे स्थानिक सल्लागार नेमले गेले. त्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत आजही दोन लाखांहून अधिक माणसे आपापल्या गल्लीतल्या घरांकडे लक्ष ठेवतात.

अधिकारी आला की वशिला आणि चिरीमिरी आली, ही भीती खरी आहे. थेट खात्यात पैसे जमा करण्याची पद्धत त्यासाठीच आली. पण फॉर्म भरून देणारा एजंट तिने हटला नाही, आणि त्या एजंटाला जाब विचारता येत नाही. मंजुरीचे निकष यंत्रणेकडेच राहू द्यावेत. अधिकाऱ्याने कागद जुळवावेत आणि नकार मिळाल्यास त्याचे कारण लेखी मिळवून द्यावे. हे काम अंगणवाडी आणि आशा सेविका करतीलच, असेही सुचवले जाते. मानधनावर राबणाऱ्या या बायकांवर आणखी एक ओझे टाकणे अन्यायाचे आहे. पूर्वी अशा वेळी लोक नगरसेवकाचे दार ठोठावत. बेंगळुरूच्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक वर्षानुवर्षे रखडली. मार्च 2022 नंतर मुंबईकरांनीही जवळपास चार वर्षे तेच सोसले.

राहिला खर्चाचा मुद्दा. कर्नाटकने 2024-25 मध्ये गृहलक्ष्मीसह पाच गॅरंटी योजनांसाठी सुमारे 52 हजार कोटी रुपये ठेवले. त्यापुढे प्रभागागणिक अशा अधिकाऱ्यांचा पगार किरकोळ आहे. त्यांना ठरावीक घरे नेमून द्यावीत आणि अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनधारकाची हयातीची पडताळणी त्याच्या घरी जाऊन करण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून द्यावा.