फी परत मागणं म्हणजे भांडण नव्हे



नातवाच्या कानाच्या पडद्याला छिद्र पडलं आणि डॉक्टरांनी पोहणं बंद करायला सांगितलं. खरं सांगते, पोहण्याच्या क्लासला माझा आधीपासूनच विरोध होता. पाणी गाळून पिणाऱ्या घरातलं पोर तलावात तासभर डुंबणार, अपकाय जीवांची विराधना होणार, हे मनाला पटत नव्हतं. पण लोअर परळला मुलांनी खेळायचं कुठे? गिरण्यांच्या जागी टॉवर आले, मैदानं काही आली नाहीत. म्हणून गप्प बसले.

वर्षाची फी ३६,००० रुपये एकदम भरलेली, त्यातले तीन महिने झाले होते. सूनबाई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेली, तर त्यांनी पावतीवरची बारीक ओळ दाखवली: फी परत मिळणार नाही. हवं तर धाकट्या बहिणीला पाठवा म्हणे. ती तीन वर्षांची!

शेजारच्या ताई म्हणाल्या, "जाऊ द्या हो काकू, क्षमा करायची." आपल्याकडे हे फार सोपं उत्तर झालंय. राग सोडावा, हिशेब का सोडावा? बी.कॉम.ला शिकलेलं एवढं पक्कं लक्षात आहे की आगाऊ मिळालेलं उत्पन्न ताळेबंदात देणे बाजूला लिहितात. न शिकवलेल्या महिन्यांची फी क्लासची कमाई नव्हेच. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आहे, म्हणजे घेताना मोठं माप, देताना लहान. बारा महिन्यांचे घेऊन तीनच द्यायचे, हे दुसरं काय आहे?

कायदाही पाहिला. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करार मोडला तरी समोरच्याला वाजवी भरपाईच मिळते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' कशाला म्हणायचं तेही दिलंय. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात विनाशुल्क करता येते, वकील असलाच पाहिजे असंही नाही. हे सगळं शांत शब्दांत पत्रात लिहिलं, पोच घेतली.

आता अवघड भाग. एका मैत्रिणीने सुचवलं, ओळखीच्या डॉक्टरांकडून 'पोहणं कायमचं बंद' असं लिहून आणा, सगळे पैसे मिळतील. आमच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.' सूनबाईचं मन डळमळलं. मी नको म्हटलं. ज्या सूत्राच्या बळावर त्यांच्याकडे माप मागतोय, त्याच अध्यायात सत्यव्रतही आहे ना! क्लासवाल्यांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं: मग तीन महिन्यांनी या.

दोन पत्रं आणि पाच आठवड्यांनंतर नऊपैकी सहा महिन्यांचे १८,००० रुपये परत आले. तीन महिन्यांचे ९,००० खरी चिठ्ठी दिली म्हणून गेले. सूनबाई अजून हळहळते. मी नाही हळहळत.

नातू सध्या बुद्धिबळाला जातो. फी महिन्याच्या महिन्याला.