बंगली आपली, तळे कोणाचे?

अलीकडे जबलपुरातील आपल्या मराठी मंडळींत एक नवी हौस बळावली आहे. निवृत्ती चार-पाच वर्षांवर आली, की पुण्यास अथवा नागपुरास सदनिका पाहण्याऐवजी गृहस्थ येथेच जमिनीचा तुकडा घेतो, आणि तोही पाण्याच्या काठी; कोणी बरगीच्या जलाशयाकडे, कोणी शहरात उरलेल्या एखाद्या तलावालगत. बंगली उभी राहिली, की तिच्या सजावटीचे पर्व सुरू होते आणि मग सहा महिने हळदीकुंकवापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत दुसरा विषय निघत नाही. या हौसेविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. ती ज्या रीतीने पुरविली जाते, तिच्याविरुद्ध मात्र आहे, आणि ते स्पष्ट बोलावयास हवे.

हौसेचे कारण सरकारी कारकुनाला कोणी समजावून द्यावयास नको. ज्याचे आयुष्य बदलीच्या हुकमावर चालले, ज्याच्या बायकोने दर तीन-चार वर्षांनी तीच भांडी त्याच पेटाऱ्यांत भरली, ज्याच्या मुलांनी क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकतानाही ‘भिंत आपली नाही’ हे शब्द ऐकले, त्याला आपली भिंत रंगवावीशी वाटणारच. २०१७ च्या नियमांनी केंद्रीय कर्मचाऱ्यास घरासाठी ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख रुपये, यांतील कमी असेल तेवढ्या अग्रिमाची मर्यादा घालून दिली. त्यात भविष्यनिर्वाह निधी ओतून उभे केलेले घर म्हणजे माणसाची तीस वर्षेच होत. त्यांची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु ती तीस वर्षे खर्च कशावर होतात, ते पाहावे. पश्चिमेस तळे, म्हणून पश्चिमेस भिंतभर काच. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला, की त्या काचेवर जाड पडदा, पडद्याआड वातानुकूलन यंत्र. ज्या देखाव्यासाठी काच बसविली, तो उन्हाळाभर पडद्याआडच. वर प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत, ज्यावर पहिल्याच पावसाळ्यात ओलीचे नकाशे उमटतात. मंडला-डिंडोरीची साल-सागवानाची जंगले हाकेच्या अंतरावर असताना पेठेतून आणलेली भुशाच्या फळ्यांची कपाटे, जी श्रावणात फुगतात आणि दिवाळीपर्यंत लागत नाहीत. हे सारे पैशाचे नुकसान झाले. ते ज्याचे त्याने सोसावे. आमचा मुख्य आक्षेप पुढेच आहे. या सजावटीच्या यादीत पडद्याच्या कड्यांपर्यंत सर्व वस्तू असतात; न्हाणीघराचे आणि शौचालयाचे पाणी कोठे जाणार, एवढी एक नोंद मात्र नसते. ते कोठे जाते, हे काठावर उभे राहून नाकाला विचारावे.

ज्या तळ्याचा आपण देखावा करतो, ते कोणाचे आहे? जबलपूर ही बावन्न तलावांची नगरी म्हणून ओळखली जाते. गढ्याच्या गोंड राजवटीने हे तलाव बांधले. राणीताल राणी दुर्गावतीचा, आधारताल तिचा मंत्री आधारसिंह याच्या नावाचा, चेरीताल तिच्या दासीचा, असे परंपरा सांगते. राणी १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना पडली; तिची तळी त्यानंतर शतकानुशतके या गावाला पाणी देत राहिली. आज राणीताल म्हटले की क्रीडासंकुल आठवते, आणि चेरीताल हे एका वस्तीचे नाव आहे. बरगीच्या काठी जाणाऱ्याने तर अधिकच विचार करावा. ते निळे पाणी निसर्गाने आपल्या व्हरांड्यासाठी पसरलेले नाही. नर्मदेवरील त्या धरणाने १६२ गावे बाधित झाली. ज्या पाण्याखाली दुसऱ्यांची घरे आहेत, त्याच्या काठी घर सजविणाऱ्याने निदान ते पाणी तरी स्वच्छ ठेवावे, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

यावर ठरलेले उत्तर मिळते : ‘आपण पडलो परप्रांतीय, ही कामे नगर निगमाची.’ परप्रांतीयपणाची ही ढाल आम्हांस मुळीच मान्य नाही. सातबारा महाराष्ट्रात नाही, म्हणून कर्तव्यही तेथेच राहिले काय? अठराव्या शतकात पेशव्यांच्या वतीने गोविंदपंत बुंदेले सागरास आले, ते आपल्यासारखेच घरापासून दूर नेमलेले अधिकारी होते. त्यांच्या अमलात तळ्याकाठचे ते ठाणे शहर म्हणून वाढले. मुक्काम आणि वास्तव्य यांतील भेद त्यांस कळत होता. शिवाय राज्यघटनेच्या ५१ अ या कलमात वने, सरोवरे व नद्या यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे, आणि तळी ही समाजाची संपत्ती होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी प्रकरणात म्हटले आहे. नियमांवर बोट ठेवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी एवढेच दोन नियम विसरावे, हे नवल आहे.

दुसरे उत्तर असे, की एका घराने काय होते! थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपणच मुलांस शिकवितो. तळे नासतेही त्याच हिशेबाने. धुण्याच्या साबणातील फॉस्फेट पाण्यात उतरले, की जलपर्णीला खत मिळते. तिने पृष्ठभाग झाकला, की खालचा प्राणवायू सरतो, मासे मरतात, आणि मग तोच गृहस्थ डासांसाठी खिडक्यांना जाळ्या बसवून घेतो.

म्हणून आमचे म्हणणे असे, की सजावटीचा क्रम उलटा करावा. पहिला खर्च सेप्टिक टँकचा. तो पाण्यापासून दूर, रस्त्याच्या अंगास असावा. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात पाणी पीत नाही, हे गवंड्यास आधी विचारून घ्यावे. न्हाणीचे पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. याच शहरात बर्न कंपनी व परफेक्ट पॉटरी यांच्या कारखान्यांत सांडपाण्याचे झिलईदार मातीचे नळ तयार होत. त्या गावात सांडपाणी उघडे वाहावे, यासारखी दुसरी नामुष्की नाही. दुसरा खर्च भिंतींच्या मजबुतीचा. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरले, तेव्हा माणसे मेली ती घरे पडून. भूकंपरोधक पट्ट्याविना बांधलेल्या भिंतीवर भारी संगमरवर चढविणे हे सौंदर्य नव्हे. तिसरा खर्च रुंद व्हरांड्याचा, म्हणजे काच आणि यंत्र दोन्ही वाचतात. यानंतर जे उरेल, त्यातून सागवानी पलंग करावा, भेडाघाटच्या कारागिराकडून दगडी दिवा घ्यावा, आणि खुशाल झोपाळा टांगावा.

पुढील वेळी कोणी आपणांस वास्तुशांतीस बोलावील, तेव्हा दिवाणखान्याची वाखाणणी करण्यापूर्वी यजमानांस एकच विचारावे : ‘रावसाहेब, पाणी कोठे सोडले आहे?’ प्रश्न अप्रशस्त वाटेल. तरीही विचारावा. उत्तर देता येत नसेल, तर ते घर अजून पुरे झालेले नाही.