११२ ची वाट मोकळी असावी

१९६० साली कानपूर व लखनौ या शहरांच्या दरम्यान ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून थेट बोलण्याची सोय देशात प्रथम झाली आणि ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास तिष्ठत बसण्याचे दिवस हळूहळू सरले. परंतु ऑपरेटर खुर्चीवरून उठला तरी कोणता कॉल कोणत्या वाटेने धाडावयाचा, हा त्याचा अधिकार यंत्रातील एका कोष्टकाकडे गेला, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आज इस्पितळांची, बँकांची, कचेऱ्यांची गावोगावची एक्स्चेंजे आयपी ट्रंकने, म्हणजे इंटरनेट तंत्रावर चालणाऱ्या सामाईक वाहिनीने, परस्परांशी जोडलेली असतात आणि फिरवलेल्या आकड्याची वाट हे कोष्टक, म्हणजे डायल प्लॅन, ठरवते. ते लिहिण्याचे काम केवळ ठेकेदाराच्या हवाली करून मोकळे होण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मला सर्वथा गैर वाटतो.

या कोष्टकातील उणीव केवढी महाग पडते पाहा. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मार्शल या गावी, डिसेंबर २०१३ मध्ये एका हॉटेलच्या खोलीत कारी हंट या स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला, तेव्हा तिची नऊ वर्षांची कन्या शिकवल्याप्रमाणे ९११ हा तेथील आपत्कालीन मदतीचा आकडा पुनःपुन्हा फिरवीत होती. परंतु बाहेरची लाईन मिळण्यासाठी त्या हॉटेलच्या एक्स्चेंजवर आधी ९ दाबावा लागे, हे त्या बालिकेस कोठून ठाऊक असणार? कॉल लागला नाही. आई वाचली नाही. अशा एक्स्चेंजमधून ९११ थेट लागलाच पाहिजे, असे बंधन घालणारा कायदा तिच्या नावाने २०१८ साली संमत झाला.

आपल्याकडेही बाहेरच्या लाईनसाठी आधी शून्य वा नऊ दाबण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि कोष्टकात ११२ या आपल्या आपत्कालीन क्रमांकासाठी स्वतंत्र नियम नसेल तर हा आकडा आतले एखादे एक्स्टेंशन समजला जाण्याचा संभव असतो. त्याहून सूक्ष्म धोका वाटेचा आहे. रत्नागिरीच्या शाखेतील सर्व बाह्य कॉल आयपी ट्रंकने मुंबईच्या मुख्य कचेरीत आणून तेथून बाहेर सोडण्याची तजवीज खर्चाच्या दृष्टीने सोयीची असेलही. परंतु त्या शाखेत आग लागली असता तेथून केलेला कॉल मुंबईचा क्रमांक घेऊन मदतकेंद्राकडे जाईल, आणि धुराने गुदमरलेल्या माणसास पत्ता सांगता आला नाही तर बंब कोठे धाडावा? दोन एक्स्चेंजांनी आपल्याला न उमगलेला आकडा एकमेकांकडे ढकलावा असे नियम असले, तर तोच कॉल दोहोंमध्ये फिरत राहून दर फेरीस ट्रंकची आणखी जागा अडवतो आणि अखेरीस इतरांनाही वाट उरत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य लावणे आवश्यक झाले, तेव्हा अशा कोष्टकांत हात घालावा लागला. जुन्या नियमांवर नवे चढवताना हेच दोष नकळत शिरतात.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की एक्स्चेंज ताब्यात घेताना किंवा त्याचा डायल प्लॅन बदलताना, पोलीस नियंत्रण कक्षास पूर्वसूचना देऊन प्रत्येक शाखेच्या प्रत्येक मजल्यावरून, आधी कोणताही आकडा न लावता ११२ लावून पाहावा; पलीकडे कोणता क्रमांक उमटला हे विचारून दप्तरी नोंदवावे; आणि संस्थाप्रमुखाची सही त्या नोंदीवर झाल्यावाचून ठेकेदाराचे बिल मंजूर करू नये.