रोटरीचा शौक
फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून निघालेले, हिरोशिमाच्या माझदा कारखान्याने १९६७ च्या 'कॉस्मो स्पोर्ट'पासून हट्टाने जोपासलेले रोटरी इंजिन १९७८ मध्ये ज्या 'आरएक्स-७'मध्ये बसले, तिचे जुने नमुने पदरमोड करून मिळवून त्यांत फेरफार करीत बसणाऱ्या शौकिनांच्या हवाली प्रस्तुत अंक करीत आहोत. या यंत्रात ना दट्ट्या, ना झडपा. परंतु त्रिकोणी रोटरच्या टोकांवरील चिंचोळ्या पट्ट्या झिजल्या, की दाब सुटतो आणि सारा कारभार आटोपतो. म्हणून अश्वशक्तीच्या मोहाने मोठा टर्बो चढविण्यापूर्वी जो रेडिएटर वाढवितो, पेट्रोलात मोजून तेल मिसळतो, त्याच्याच रसिकतेवर आमचा भरवसा. इतरांची इंजिने बहुधा मेकॅनिककडेच मुक्कामास असतात.