नळाचे पाणी आणि आरोग्याचा तास

४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते चंदीगडमधील मनीमाजरा येथे चोवीस तास पाणीपुरवठा योजनेचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे ७५ कोटी रुपये. लाभार्थी लाखाहून अधिक. मनीमाजरा हे आखीवरेखीव सेक्टरांच्या शहराला लागून असलेले जुने गाव. एके काळी ती एका छोट्या संस्थानाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली, तेव्हा हे गाव केंद्रशासित चंदीगडमध्ये आले. येथील राजाने बांधलेले मनसादेवीचे मंदिर मात्र आज हरियाणात आहे. नियोजित शहराच्या कडेवरील अशा वस्तीला अखंड पाणी देण्याचा निर्णय स्वागतार्ह होता. ते प्रत्यक्षात किती तास आणि किती दाबाने येते, हा प्रश्न मात्र उद्घाटनाने संपत नाही.

चोवीस तास पाणी ही केवळ सोय नव्हे. पुरवठा ठरावीक वेळच चालू असेल, तर उरलेल्या वेळात जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो. वाहिनीला कुठे चीर असली आणि शेजारून सांडपाणी झिरपत असले, तर ते आत ओढले जाते. वाहिनीत सतत दाब राहिला, तर गळती आतून बाहेर होते, बाहेरून आत नव्हे. पटकी, विषमज्वर, कावीळ यांच्या प्रतिबंधाचे अर्धे शास्त्र या एका वाक्यात आहे. विज्ञान, नागरिकशास्त्र आणि गणित या तिन्ही विषयांना जोडणारा हा धडा मनीमाजऱ्यातील प्रत्येक शाळेच्या नळाखाली वाहत आहे. प्रश्न इतकाच, की तो शिकवण्यासाठी शिक्षकाच्या टेबलावर कोणते साधन आहे?

कागदाची उणीव नाही. आयुष्मान भारत योजनेअंतर्गत शालेय आरोग्य व स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, त्यांतही शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष, ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण द्यायचे आणि पोषणापासून मानसिक आरोग्य व इंटरनेटच्या सुरक्षित वापरापर्यंत अकरा विषय हाताळायचे, अशी त्याची रचना आहे. एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या विज्ञान पुस्तकात आरोग्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. महाराष्ट्रात बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात ‘आरोग्य व रोग’ आणि दहावीच्या पुस्तकात ‘सामाजिक आरोग्य’ ही प्रकरणे आहेत. मात्र धोरणाची सुसंगती जपली गेली आहे, असे म्हणता येत नाही. करोनाची साथ ओसरत असताना, २०२२ मध्ये, पाठ्यक्रमाचा भार कमी करण्याच्या नावाखाली एनसीईआरटीने नववीच्या पुस्तकातून ‘आपण आजारी का पडतो’ हे संपूर्ण प्रकरण वगळले. ज्या पिढीने घरात बसून त्याच प्रश्नाचे उत्तर शोधले, तिच्याच पुस्तकातून तो प्रश्न काढला गेला.

यामागे एक जुनी सवय आहे. भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यात झाली. सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीला हा मान जातो. १९४६ च्या भोर समितीने नोंदवले, की शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ अस्तित्वात नाही. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. या शतकभराच्या वाटचालीत राज्यसंस्थेने मुलाला तपासायला शिकून घेतले. तपासणीत काय आढळले आणि ते का आढळले, हे त्या मुलाला शिकवणे मात्र दुसऱ्या खात्याचे काम ठरले. वजनकाटा आरोग्य खात्याचा, फळा शिक्षण खात्याचा. २०२० च्या कार्यक्रमाने दोन्ही मंत्रालयांना एका कागदावर आणले हे खरे. पण वर्गात पोहोचले ते मुख्यत्वे चर्चा, भूमिकानाट्य आणि प्रश्नोत्तरे सुचवणारे साहित्य. त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र मोजमापाशिवाय विज्ञान शिकवले, तर ते उपदेश होऊन बसते.

निळ्या गोळीचे उदाहरण पाहावे. दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक ॲसिडची गोळी शाळेत दिली जाते. तिची गरज वादातीत आहे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पंधरा ते एकोणीस वयोगटातील ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. परंतु रिकाम्या पोटी गोळी घेतल्यास मळमळते आणि शौचाचा रंग काळा होतो. हे आधी समजावले नसेल, तर मूल घाबरते, घरी सांगते आणि पुढच्या आठवड्यात गोळी खिशात जाते. लोह रक्तात काय करते, गोळी जेवणानंतरच का घ्यायची, सोबत चहा का नको आणि लिंबू का हवे, एवढा एक तास त्या गोळीबरोबर मिळाला, तर योजनेचा पैसा सार्थकी लागेल.

यासाठी महागड्या प्रयोगशाळा नकोत. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये पिण्याच्या पाण्यातील विष्ठाजन्य दूषितता ओळखण्याची साधी चाचणी प्रसिद्ध केली. रसायन लावलेली कागदी पट्टी असलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर धोक्याची सूचना. ही चाचणी प्रयोगशाळेचा पर्याय नाही, आणि बाटली न उघडता शिक्षकाच्या देखरेखीखाली निर्जंतुक करूनच टाकली पाहिजे. पण घरचा नळ, शाळेची टाकी आणि टँकर यांच्या तीन बाटल्या शेजारी ठेवल्या, की दहा व्याख्यानांचे काम होते. मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये घडवलेले कागदी सूक्ष्मदर्शक ‘फोल्डस्कोप’ भारतातील शाळांपर्यंत पोहोचले आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी होतात, हे अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या ‘आयुका’तून देशाला दाखवले. त्यांच्या जोडीला वजनकाटा, उंचीची पट्टी, थर्मामीटर, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि वाढीचा तक्ता एवढी पेटी पुरे. नाडी बसून मोजायची, मैदानाला फेरी मारून पुन्हा मोजायची. समग्र शिक्षा योजनेत शाळेला विद्यार्थीसंख्येनुसार वार्षिक अनुदान मिळते आणि त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी राखून ठेवायचे असतात. पेटीची तरतूद तेथून होऊ शकते.

आक्षेप येतील आणि ते ऐकले पाहिजेत. शिक्षकांवर आधीच जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे आहेत. म्हणून ही पेटी म्हणजे नवा अहवाल ठरता कामा नये. मुलांचे वजन किंवा रक्ताचा अहवाल वर्गात मोठ्याने वाचणे क्रूरपणाचे आहे. वर्गाची सरासरी फळ्यावर, वैयक्तिक आकडा फक्त मुलाच्या हाती, हा नियम कठोरपणे पाळावा लागेल. आणि शरीराविषयी बोलणे म्हटले, की समाज बिचकतो. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम रोखला, तेव्हा हे दिसले. त्या वादाचा धडा हा, की साहित्य गुपचूप वर्गात आणू नये. ते आधी पालकसभेत मांडावे. आपल्या नळाच्या पाण्याची बाटली पाहिलेला पालक पुढच्या विषयांवरही अधिक मोकळेपणाने बोलेल.

चंदीगडला हे सुरू करणे सोपे आहे. प्रशासन एकच, स्वतंत्र परीक्षा मंडळ नाही, एनसीईआरटीचीच पुस्तके आणि १९६२ पासून शहरातच उभी असलेली ‘पीजीआय’सारखी वैद्यकीय संस्था. मनीमाजऱ्यातील सरकारी शाळांनी वर्षभर पाण्याचे तास, दाब आणि शुद्धता यांची नोंद ठेवावी आणि महापालिकेने ती दर तिमाहीस स्वीकारून लेखी उत्तर द्यावे. ७५ कोटींच्या योजनेला याहून स्वस्त लेखापरीक्षण मिळणार नाही. महाराष्ट्रातही एखाद्या जिल्हा परिषदेने जलजीवन मिशनच्या गावांत हाच प्रयोग करावा. त्यासाठी नवा कायदा नको, शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांच्या सहीचे एक परिपत्रक पुरेल. शाळेच्या तपासणीचा दिवस त्यातच शिकवण्याचा दिवस म्हणूनही जाहीर करावा. तपासणीची नोंद मुलाच्या हाती पडून त्याला ती वाचता आली, तरच बडोद्यात सुरू झालेले काम पुढे सरकेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)