माकडाचा खाऊ विकू नका, अंतर विका



आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण धंद्याचाच आहे. माथेरानचे पॉइंट असोत की खोपोलीहून वर जाणारा बोरघाट, चण्याची पुडी देताना आपल्यातले काहीजण गिऱ्हाइकाला सहज म्हणतात, "थोडे माकडांना पण टाका, मजा येईल." माझं स्पष्ट मत आहे: हे बंद करा.

आधी माकड समजून घेऊ. डोक्यावर टोपीसारखे केस असलेली ही माकडं टोळीने राहतात. माद्या जन्मभर त्याच टोळीत, नर मोठे झाले की दुसऱ्या टोळीत जातात. एकमेकांचे केस चाळत बसतात ते नुसतं साफसफाईसाठी नाही, नाती सांभाळण्यासाठी. बोलणं बरंचसं चेहऱ्यावरच. ओठ भराभर हलवले तर दोस्ती. डोळे रोखून तोंड उघडलं तर धमकी. दात विचकले तर बहुतेक वेळा ते घाबरलेलं असतं.

आणि आपला पर्यटक काय करतो? सेल्फीसाठी अगदी जवळ जातो, डोळ्यांत डोळे घालतो. आपल्याला वाटतं गंमत, माकडाला वाटते धमकी. मग ते अंगावर आलं की दोष माकडाचा!

कर्नाटकातल्या बंदीपूरमध्ये याच जातीच्या माकडांचा अभ्यास झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाचं लक्ष आहे का ते बघून ही माकडं 'कू' असा आवाज काढतात, हात पुढे करतात आणि खाऊ मिळाला की थांबतात. म्हणजे ती माणसाशी बोलायला शिकली. मी ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगतो, ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वागणं वाढतं. हात पुढे केल्यावर चणे मिळाले तर हात पुढे येणार. पिशवी ओढल्यावर मिळाले तर पिशवीच ओढली जाणार.

आता रवांडाकडे बघा. तिथे डोंगरातले गोरिला बघायला 2017 पासून माणशी 1500 डॉलर लागतात. एका कळपाजवळ दिवसाला फक्त 8 पर्यटक, तेही एक तास. खायला घालायचं नाही, जवळ जायचं नाही. गोरिलाने छाती बडवली की कसं वागायचं, हे वाटाड्या सांगतो. तरी लोक जातात! तिथे विकलं जातं ते अंतर आणि माहिती.

काहीजण म्हणतील, "मारुतीचं रूप आहे, खायला घातलं तर पुण्य लागतं." श्रद्धेचा आदर आहे. पण आपल्या खाऊवरून टोळीत मारामाऱ्या होतात, माकडं रस्त्यावर येऊन गाडीखाली सापडतात. त्यात कसलं पुण्य?

आणि दहा-वीस रुपयांच्या पुडीचा हिशोब सांगू? एका पोराला माकड चावलं की त्या कुटुंबाची सहल तिथेच संपते. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच दवाखाना गाठायचा. ते गिऱ्हाईक परत येईल?

म्हणून तीन कामं करा. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण लावा. माल कापडी पिशवीत नीट बांधून द्या. आणि काउंटरवर पाटी लावा: "लांबून बघा, डोळे रोखू नका, खायला देऊ नका." गिऱ्हाइकाने कारण विचारलं तर वरचं सगळं सांगा. चण्यांपेक्षा ती गोष्ट त्याच्या जास्त लक्षात राहील.

तुमच्या दुकानासमोर माकडं येतात का? तुम्ही काय करता, कमेंटमध्ये नक्की लिहा.